मधमाशीला हातमोजे कोण घालणार?

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं मेली, शेकडो रुग्णालयात पोचली. त्यावर आपल्या व्यवस्थेला सुचलेला पहिला प्रश्न होता: त्यांनी हातमोजे का घातले नव्हते? मग मोजे, चष्मे, मास्क यांचे संच वाटले गेले, वाटतानाचे फोटो निघाले. नोव्हेंबरात पाच कीटकनाशकांवर साठ दिवसांची बंदी आली, म्हणजे फवारणीचा भर ओसरल्यावर. वरात निघून गेल्यावर मांडव घालण्यात आपल्या प्रशासनाचा हात कुणी धरू शकत नाही.

डोक्याइतक्या उंच पऱ्हाटीत, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात, पाठीवर पंप घेऊन रबरी मोजे आणि प्लास्टिकचा अंगरखा घालून दिवसभर फवारणारा मजूर मी तरी पाहिलेला नाही. ज्या अधिकाऱ्यांनी तसा सल्ला दिला, त्यांनीही पाहिलेला नसावा. पण घटकाभर धरून चालू की प्रत्येक मजूर नखशिखांत झाकला. फवाऱ्यातून निघालेलं पाणी मग कुठे जातं? ते पानावर बसतं, वाऱ्याबरोबर शेजारच्या तुरीवर जातं, सरीतून ओढ्यात उतरतं. संध्याकाळी पंप त्याच ओढ्यावर धुतला जातो आणि रिकाम्या बाटल्या बांधावर फेकल्या जातात. ढालकिडा मास्क लावत नाही. यवतमाळात माणसं मेली म्हणून निदान आकडा तरी लागला. त्याच फवाऱ्याखाली बाकी काय मेलं, याची नोंद करणारं खातं या राज्यात नाही.

कपाशीचं गणित तर इतकं उफराटं आहे की हसावं की रडावं कळत नाही. पाकिटातलं बीटी बी बहुतेक वेळा आधीच इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाने लेपून येतं. तरी पीक वीस-पंचवीस दिवसांचं झालं की दोन-चार तुडतुडे दिसल्याबरोबर दुकानदार पुन्हा तेच किंवा त्याचं भावंड हातात ठेवतो, जोडीला ॲसिफेट, पूर्वी मोनोक्रोटोफॉसही. पहिल्या फवारणीत मावा मरतो हे खरं. पण मावा खाणारा ढालकिडा मरतो, क्रायसोपाच्या अळ्या मरतात, बोंडअळीची अंडी पोखरणारी ट्रायकोग्रामा माशीही मरते. पांढरी माशी मात्र टिकते, आणि तिला खाणारं कुणी न उरल्यामुळे पंधरवड्यात दुपटीने परतते. मग दुसरी फवारणी, तिसरी, मग दोन-तीन बाटल्या एकाच टाकीत ओतून केलेलं मिश्रण. २०१५ मध्ये पंजाबात हेच टोकाला गेलं. फवारणीवर फवारणी होऊनही पांढऱ्या माशीने तिथली कपाशी झोपवली. शेतकऱ्याच्या खर्चाने शेतकऱ्याचेच मित्र मारायचे आणि त्यांच्या जागी पुढच्या बाटलीचं गिऱ्हाईक उभं करायचं, याला पीक संरक्षण म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

हा सल्ला देतो कोण? कृषी सहायकाकडे गावांचा एवढा पसारा असतो की तो दिसला तरी अनुदानाच्या कागदात बुडालेला. रोग ओळखणारा, बाटली निवडणारा, ती उधारीवर देणारा आणि कापूस विकल्यावर वसुली करणारा माणूस एकच: कृषी सेवा केंद्राचा मालक. कमी विकण्यात त्याचा काडीचा फायदा नाही. शेंदरी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावा, सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग सापडले तरच फवारा, अशी शास्त्रज्ञांची शिफारस आहे. छापील पत्रकात ती दरवर्षी येतेही. पण दुकानातली उधारी पतंग मोजायला थांबत नाही.

याची किंमत बुलढाणा-जालन्याकडे कांद्याचं बी पिकवणाऱ्यांना विचारा. कांद्याचं फूल मधमाशीवाचून नीट भरत नाही. माश्या कमी झाल्या म्हणून तिथे शेतकरी पैसे मोजून मधाच्या पेट्या आणून ठेवतात. जे काम आग्या आणि सातेरी माशी फुकट करत होती, त्याचं भाडं आता शेतीखर्चात धरायचं. इमिडाक्लोप्रिडसह तीन निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांचा उघड्या शेतातला वापर युरोपीय महासंघाने २०१८ मध्ये बंद केला, तो मधमाश्यांसाठीच. मोनोक्रोटोफॉसने अर्जेंटिनात १९९५-९६ च्या सुमारास विषारी टोळ खाल्लेले हजारो स्थलांतरित शिकारी पक्षी मारले. बिहारमधल्या छपऱ्याजवळ २०१३ मध्ये शाळेच्या जेवणातून याच रसायनाने तेवीस मुलं गेली. त्याचं आपल्याकडे सर्रास खपणारं ३६ टक्क्यांचं द्रावण थांबवायचं ठरायला २०२३ उजाडलं.

कंपन्यांचा आवडता युक्तिवाद असा: हेक्टरी सरासरी काढली तर भारतातला वापर जपान-चीनपेक्षा कितीतरी कमी. काढा सरासरी! त्यात माणदेशातली कोरडवाहू बाजरीही धरा, जिच्यावर थेंब पडत नाही, आणि नाशिकची द्राक्षबागही धरा, जिथे बिनफवारणीचे दिवस मोजणं सोपं. विष सरासरीच्या ओढ्यात उतरत नाही, ठरावीक गावाच्या ओढ्यात उतरतं. आणि द्राक्षाचा विषय निघालाच आहे तर, २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रक रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपने आपली द्राक्षं नाकारली, तेव्हा केवढी धावपळ झाली! निर्यातीच्या बागेला नोंदणी आहे, प्रयोगशाळेत अंश-तपासणी आहे, प्रमाणपत्र आहे. म्हणजे जमतं. फक्त खाणारा परदेशी असावा लागतो.

दुसरा युक्तिवाद श्रीलंकेचा. २०२१ मध्ये तिथे एका फटक्यात रासायनिक खतं-औषधं बंद केली आणि काही महिन्यांत निर्णय गिळावा लागला. तो मूर्खपणाच होता, माझं दुमत नाही. पण याच श्रीलंकेने १९९५ मध्ये मोनोक्रोटोफॉस बंद केलं होतं, आणि त्यापायी भाताचं पीक बुडालं नाही. सगळं एकदम बंद करा असं म्हणणारा मी नाही. जे सर्वात जहाल आहे ते आधी काढा, एवढंच म्हणतो. डायफेन्थियुरॉन आणि प्रोफेनोफॉस ही दोन्ही यवतमाळनंतर बंदी आलेल्या त्या पाच कीटकनाशकांच्या यादीत होती. स्वित्झर्लंडने २०२१ पासून त्यांची निर्यातच बंद केली. विकणाऱ्या देशाला लाज वाटली, घेणाऱ्याला वाटायची आहे.

आपला कायदा १९६८ चा. नवं विधेयक २००८ मध्ये आलं, २०२० मध्ये पुन्हा आलं. त्याच २०२० च्या मे महिन्यात केंद्राने सत्तावीस कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला. माणसांना, मधमाश्यांना, माशांना, पाण्याला धोका अशी कारणं त्यात नावानिशी दिली होती. उद्योगाने हरकती घेतल्या, समित्या बसल्या, आणि २०२३ च्या अंतिम आदेशात पूर्ण बंदी आली ती डायकोफॉल, डिनोकॅप आणि मेथोमिल या तिघांवर.

कृषिमंत्री महोदय, सत्तावीसची ती यादी कुणा झोळीवाल्या पर्यावरणवाद्याने केलेली नव्हती. तुमच्याच मंत्रालयाने केली होती. ती पूर्ण लागू करा. नसेल करायची, तर ती का गुंडाळली हे विदर्भात कापूस वेचायला जाणाऱ्या एखाद्या बाईला समोर बसवून सांगा.