जहाजात तेल भरताना घाई नको

जहाजात इंधन भरण्याला बंदरात 'बंकरिंग' म्हणतात. बार्ज शेजारी लागते, होज जोडला जातो, पंप सुरू होतो. तेल सांडते ते टाकी ओसंडल्याने, होज निसटल्याने किंवा भलताच व्हॉल्व्ह उघडा राहिल्याने. ऑगस्ट २०२३ मध्ये जिब्राल्टरला 'गॅस व्हीनस' जहाजात इंधन भरताना असेच तेल ओसंडले व किनाऱ्यापर्यंत गेले.

याचा आमच्या धंद्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' व 'खलिजिया-३' यांची टक्कर होऊन सुमारे ८०० टन तेल सांडले. ती टक्कर होती, बंकरिंग नव्हे. पण सांडलेल्या तेलाचे नुकसान तेच. मासेमारीला खीळ बसली, गिऱ्हाइकाने मासळीकडे पाठ फिरवली. अशा वेळी होडीवाला, जाळी विणणारा, बर्फवाला, टेम्पोवाला, सर्वांचाच रोज बुडतो.

उपाय मात्र महाग नाहीत. डेकच्या कडेची पाणी जाण्याची भोके आधी बंद करावीत. होजच्या जोडाखाली ट्रे ठेवावा. टाकी काठोकाठ भरू नये, कारण तेल तापले की फुगते. टाकी भरत आली की पंपाचा वेग कमी करावा. थांबण्याची खूण दोन्ही बाजूंनी आधीच ठरवावी. भुसा व तेल शोषणारे कापड हाताशी असावे.

'मार्पोल' करारानुसार ४०० ग्रॉस टन व त्यावरील जहाजांना तेलगळतीचा आपत्कालीन आराखडा ठेवावाच लागतो. आपल्या मच्छीमार होड्या त्याहून लहान. त्यांत डिझेल भरताना आपली खबरदारी हाच आराखडा.

आमचे मत स्पष्ट आहे. होजजवळ उभा असलेला खलाशी कितीही कनिष्ठ असो, पंप थांबवण्याचा हक्क त्याला असला पाहिजे. कोकणातील आपली कितीतरी मुले जहाजांवर चाकरी करतात. साहेब रागावेल म्हणून त्यांनी गप्प बसावे आणि तेल सांडल्यावर दोषही त्यांच्याच माथी यावा, हा न्याय नव्हे. पंप पंधरा मिनिटे थांबला तर मालकाचे थोडे भाडे जाईल. तेल सांडले तर सगळ्या किनाऱ्याचा हंगाम जाईल. हा हक्क कामाच्या नियमांत लेखी यावा, अशी मागणी खलाशी व मच्छीमार संघटनांनी एकत्र येऊन करावी.