कायद्याने दिले, विमापत्राने नाकारले

१९७१ च्या कायद्याने स्त्रीला ठरावीक मर्यादेत गर्भपाताची मुभा दिली. २०२१ साली काही स्त्रियांकरिता ती मर्यादा २४ आठवड्यांपर्यंत वाढली. परंतु या हक्काचे मोल चुकवायचे कोणी? विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली ठरवून दिलेल्या वर्जित बाबींपैकी १८ वी वाचावी. तेथे बेकायदेशीर नव्हे, तर 'कायदेशीर' गर्भपाताचाच खर्च वगळला आहे! (अपघाताने गर्भ गेला तर ही बंदी नाही.) वकिलीत पुष्कळ करारपत्रे वाचली, कायद्याने दिलेले इतक्या उघडपणे काढून घेणारे कलम विरळाच.

सरकारी रुग्णालये आहेत, हे खरे. पण रोजंदारीवरील बाईला तेथल्या प्रत्येक खेपेस मजुरी बुडवावी लागते, आणि गर्भाचे आठवडे तिच्या पैशांसाठी थांबत नाहीत. मग उरतो तो भोंदू वैद्य.

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या सोयी सरकारने पुरवाव्यात असा ठराव मांडला होता. सभागृहाने तो फेटाळला. आज आमची मागणी त्याहून लहान आहे : प्राधिकरणाने ती ओळ खोडावी आणि कायदेशीर गर्भपाताचा खर्च मूळ विम्यातच धरावा.