विश्लेषण : हरणाच्या शिकारीसाठी मुद्दाम ‘नरम’ काडतूस? अमेरिकेतले शिकारी घरीच काडतुसं का भरतात?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. पाच लाखांहून अधिक लोक परवाना काढून बंदुकीसह जंगलात उतरतात. त्याच्या काही आठवडे आधीच अनेक घरांच्या तळघरात तयारी सुरू झालेली असते. छोट्या वजनकाट्यावर बंदुकीची दारू मोजून काडतुसं भरली जातात आणि त्यातली काही मुद्दाम कमी जोराची ठेवली जातात. शिकारीला जायचं तर काडतूस कमी जोराचं कशाला?

घरी काडतूस भरणं म्हणजे काय?

रायफलच्या काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची केस, तिच्या तळाशी ठिणगी देणारा प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. गोळी झाडल्यावर पितळी केस शिल्लक राहते. तिला पुन्हा आकार देऊन, नवा प्रायमर, दारू आणि गोळी बसवून ती अनेकदा वापरता येते. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी असं करायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. त्यामुळे हा लाखो लोकांचा जुना छंद आहे. गोळी किती वजनाची आणि दारू किती, हे स्वतः ठरवता येतं, हा त्याचा मोठा फायदा.

खांद्याला धक्का किती बसतो?

गोळी आणि जळलेल्या दारूचा वायू पुढे जातो, तितक्याच संवेगाने रायफल मागे येते. शाळेत शिकलेला न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. अमेरिकेत घरोघरी आढळणारं ‘थर्टी-ऑट-सिक्स’ हे काडतूस १९०६ साली लष्करासाठी तयार झालं. सुमारे साडेतीन किलोच्या रायफलमधून ते पूर्ण जोराने झाडलं, तर मागे येणारी ऊर्जा साधारण २० फूट-पाउंड भरते. म्हणजे नऊ किलोचं वजन एक फुटावरून खांद्यावर पडावं तसं. सरावलेल्या माणसाला हे चालतं. बारा-तेरा वर्षांचं मूल, सडपातळ व्यक्ती किंवा खांद्याची शस्त्रक्रिया झालेले आजोबा यांचं मात्र तसं नसतं.

गोळी हलकी घेतली आणि दारू कमी केली की हा धक्का झपाट्याने उतरतो, कारण ऊर्जा संवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. संवेग तीस टक्क्यांनी घटला की धक्क्याची ऊर्जा जवळपास निम्मी होते. रेमिंग्टन, हॉर्नाडी अशा कंपन्यांनी कमी धक्क्याची तयार काडतुसंही बाजारात आणली. पण ती सगळ्या प्रकारांत आणि सगळीकडे मिळत नाहीत. २०२० नंतर अमेरिकेत काडतुसांचा तुटवडा झाला, तेव्हा तर साधीही मिळेनाशी झाली होती.

कमी जोराने नेम कसा सुधारतो?

धक्क्याची धास्ती बसली की माणूस घोडा दाबण्याच्या क्षणीच डोळे मिटतो, खांदा आक्रसतो, रायफल हलते. अमेरिकी नेमबाज याला ‘फ्लिंच’ म्हणतात. एकदा लागलेली ही सवय मोडायला फार दिवस जातात. अशा वेळी गोळी हृदय-फुप्फुसाऐवजी पोटाला किंवा पायाला लागते आणि हरीण जखमी अवस्थेत पळून जातं. शिकारीतली ही सगळ्यात वाईट गोष्ट मानली जाते. म्हणूनच नरम काडतूस देण्यामागे नवशिक्याची सोय आहेच, पण हरणाला तडफडत मरावं लागू नये हाही हेतू आहे.

मग धोका कुठे आहे?

पहिला धोका हरणालाच. शिकारीची गोळी अंगात शिरल्यावर फुलावी अशी बनवलेली असते. त्यासाठी तिला ठरावीक वेग लागतो. वेग कमी पडला की ती न फुलता बारीक छिद्र पाडून आरपार जाते. त्यामुळे अशी काडतुसं जवळच्या अंतरासाठीच योग्य ठरतात. काही राज्यांनी कायद्यातच मर्यादा घातली आहे. कोलोरॅडोमध्ये १०० यार्डांवर गोळीत किमान १,००० फूट-पाउंड ऊर्जा असावी लागते.

दुसरा धोका झाडणाऱ्याला. ‘दारू कमी म्हणजे धोका कमी’ हा समज चुकीचा आहे. दारू फारच कमी पडली तर गोळी नळीतच अडकू शकते. ते लक्षात न येता दुसरी झाडली, तर नळी फुटते. हळू जळणारी काही दारू खूप कमी भरली, तर दाब उलट अचानक भडकल्याची उदाहरणं आहेत. असं नेमकं का होतं, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. म्हणून दारू बनवणाऱ्या कंपनीच्या छापील तक्त्याबाहेर जायचं नाही, हा या छंदाचा पहिला नियम आहे.

नवे शिकारी सरकारला का हवेत?

कारण पैसा. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याप्रमाणे रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर लागतो आणि तो वन्यजीव संवर्धनासाठी राज्यांना वाटला जातो. अलीकडच्या काही वर्षांत ही रक्कम वर्षाला अब्ज डॉलरच्या पुढे गेली होती. राज्याचा वाटा ठरवताना निम्मं वजन क्षेत्रफळाला आणि निम्मं परवानाधारक शिकाऱ्यांच्या संख्येला असतं. शिवाय परवान्याचं शुल्क वेगळं. सरकारी पाहणीनुसार २०११ मध्ये १ कोटी ३७ लाख असलेले शिकारी २०१६ मध्ये १ कोटी १५ लाखांवर आले. जुनी पिढी थकत गेली आणि तिच्या जागी तेवढे तरुण आले नाहीत.

दुसरीकडे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जवळपास संपत आलेली पांढऱ्या शेपटीची हरणं आज सुमारे तीन कोटींच्या घरात आहेत. अनेक भागांत त्यांना खाणारे लांडगे, पुमा उरलेले नाहीत. ही हरणं पिकं आणि जंगलातली कोवळी रोपं फस्त करतात, रस्त्यावर गाड्यांसमोर येतात.

टीका काय आहे?

विस्कॉन्सिनने २०१७ मध्ये मोठ्यांच्या देखरेखीखाली शिकार करणाऱ्या मुलांसाठीची १० वर्षांची किमान वयोमर्यादा काढून टाकली, तेव्हा मोठा वाद झाला. लहान मुलाला धक्का सोसवेल असं काडतूस देता येतं, पण त्यासोबत समज देता येत नाही, हा टीकाकारांचा मुद्दा होता. अनुभवी शिकाऱ्यांमध्येही मतभेद आहेत. मोठं काडतूस नरम करण्यापेक्षा मुळातच कमी धक्क्याचं ‘टू-फोर्टी-थ्री’सारखं काडतूस वापरा, असं अनेक जण सांगतात. पण त्यासाठी नवी रायफल घ्यावी लागते आणि घरात आजोबांची जुनी रायफल असते.

भारतात हे चालतं का?

नाही. चितळ, सांबर, काळवीट यांची शिकार वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. काडतुसं बनवायलाही शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवाना लागतो. त्यामुळे काडतुसं भरण्याचे अमेरिकेतले व्हिडिओ फोनवर कितीही सहज दिसले, तरी इथे तसं करणारा थेट तुरुंगात जाऊ शकतो.