म्हातारचळ नावाची पळवाट

कंपवात हे नावच अर्धवट आहे. ते थरथरत्या हाताकडे बोट दाखवते आणि मनाकडे पाठ फिरवते. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला, तेव्हा रुग्णाची बुद्धी शाबूत राहते असे नोंदवले होते. वैद्यकाने ही समजूत केव्हाच सोडली. साहित्यसमीक्षेने ती सोडलेली नाही, असा आमचा आरोप आहे.

या आजारात नैराश्य हात थरथरण्याच्या कितीतरी आधी येऊ शकते. समोर नसलेली माणसे, जनावरे दिसू शकतात. डोपामाइनची नक्कल करणाऱ्या औषधांमुळे काहींना जुगार, खरेदी किंवा कामवासना अनावर होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका व कॅनडातील ३०९० रुग्णांच्या पाहणीत ही औषधे घेणाऱ्यांपैकी १७.१ टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी ६.९ टक्के रुग्णांत असे वर्तन आढळले.

आता जोनाथन फ्रॅन्झेन यांची ‘द करेक्शन्स’ (२००१) ही कादंबरी घ्या. तिच्यातील कंपवातग्रस्त आल्फ्रेड लॅम्बर्ट रात्री विष्ठेच्या बोलत्या गोळ्याशी हुज्जत घालतो. समीक्षक लगेच दमन, पितृसत्ता, ढासळते कुटुंब असे अर्थ काढतो. ते अर्थ खोटे नाहीत. पण असे भास या आजारात खरोखरच होतात, हे सांगण्याची गरज त्याला वाटत नाही. कादंबरी म्हणजे रुग्णपत्रिका नव्हे, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. मात्र लेखकाने पात्राला जाणीवपूर्वक दिलेला आजार वगळून केलेले वाचन हे अपुरेच वाचन होय.

वाचनाची ही सवय पुस्तकापुरती राहत नाही. आयुष्यभर पै-पै जपणारा गृहस्थ सत्तरीत लॉटरीपायी कर्ज काढतो, तेव्हा आपल्याकडे ‘म्हातारचळ’ हा एकच शब्द पुरतो. त्या शब्दात निदान नाही, निकाल आहे. लाजेपोटी पत्नी डॉक्टरांपाशी बोलत नाही. आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध कमी केल्यास वा बदलल्यास जे पुष्कळदा आटोक्यात येते, ते घर मोडेपर्यंत चालू राहते.

‘स्वभावचित्रण करा’ असा प्रश्न घालणाऱ्या प्राध्यापकांना म्हणून आमचे सांगणे आहे : स्वभाव कोठे संपतो आणि आजार कोठे सुरू होतो, हेही विद्यार्थ्यांना विचारा. उत्तर कठीण आहे. पण ते न शोधताच माणसाला दोषी ठरवणे फार सोपे झाले आहे.