पडद्यावरचा योगी

जपानच्या कॅपकॉम कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर-२’ हा मारामारीचा व्हिडिओ गेम १९९१ साली आला. त्यात भारताचा म्हणून धालसिम हा योगी होता. काटकुळा देह, रबरासारखे लांबणारे हातपाय, तोंडातून ज्वाळा, गळ्यात कवट्या, पाठीमागे हत्ती! तेव्हा चित्रे ठिपक्यांची. थोड्या ठिपक्यांत पात्र ओळखू यावे, म्हणून रेखाटन भडक. २००८ च्या चौथ्या भागात त्रिमिती आकृत्यांच्या जोडीला शाईचे फटकारे आले. २०१६ च्या पाचव्या भागात धालसिमला लांब दाढी व पागोटे मिळाले. शैली बदलली, तपशील वाढले. ‘भारतीय म्हणजे योगी’ ही कल्पना मात्र तीच राहिली. खेळणाऱ्या मुलांना एवढेच विचारावे: आपल्या गल्लीत असा कोण दिसतो?