पीकविम्याचे माप आणि आपली जबाबदारी

सन २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि काढणीस आलेले सोयाबीन अनेक ठिकाणी पाण्यात उभे राहिले. त्या दिवसांत मंठा तालुक्यातील बांधांवर एकच प्रश्न वारंवार कानी पडे : “साहेब, विमा कधी मिळणार?” प्रश्न रास्त आहे, परंतु तो विचारण्याची वेळ बहुधा उशिराची असते. विमा मिळणार की नाही व मिळाल्यास किती, हे मुख्यतः आपल्याच महसूल मंडळातील काही मोजक्या शेतांत, तराजूच्या काट्यावर ठरत असते. ती मोजणी चोख व्हावी, इतकाच या लेखाचा आग्रह आहे.

शेतीवरील संकटाचा भार शासनाने कसा उचलावा, याचे उत्तर काळाप्रमाणे बदलत आले आहे. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता तयार झाल्या. माणूस भुकेने मरू नये, हा त्यांचा हेतू होता. १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्राने लक्षावधी हातांना काम पुरविले आणि वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकारास आलेल्या रोजगार हमीला १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप दिले. या उपायांनी माणूस तगला. परंतु बुडालेल्या पिकात घातलेले बी, खत व मजुरी परत मिळाली नाही. आजही आपत्ती निवारण निधीतून ३३ टक्क्यांहून अधिक नुकसानीस जे साहाय्य मिळते, ते आधार म्हणून असते; ती भरपाई नव्हे. भरपाईचा मार्ग म्हणजे विमा.

हा विचार जुना आहे. म्हैसूर संस्थानातील जे. एस. चक्रवर्ती यांनी १९२० मध्येच पर्जन्यमापनावर आधारलेल्या विम्याची योजना ग्रंथरूपाने मांडली होती. पुढे १९७२ ते १९७८ या काळात गुजरातमधील एच-४ कापसापासून आरंभ करून काही राज्यांत प्रत्येक शेतकऱ्याच्या शेताचे स्वतंत्र नुकसान मोजणारा विमा करून पाहण्यात आला. त्यात अवघे ३,११० शेतकरी होते, हप्ता ४.५४ लक्ष रुपये जमला आणि भरपाई ३७.८८ लक्ष रुपये द्यावी लागली. असा व्यवहार टिकणे शक्य नव्हते. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी एकेक शेत न मोजता संपूर्ण क्षेत्राचे सरासरी उत्पन्न मोजावे, असा मार्ग सुचविला. १९७९ ची प्रायोगिक योजना, १९८५ ची सर्वंकष योजना, १९९९ ची राष्ट्रीय योजना आणि २०१६ ची प्रधानमंत्री पीक विमा योजना या सर्व मुख्यतः याच तत्त्वावर उभ्या राहिल्या.

महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून विमा एका रुपयात मिळू लागला. तथापि, नसलेल्या पिकांवर व दुसऱ्यांच्या जमिनींवर विमा उतरविल्याचे प्रकार उघडकीस आले आणि २०२५ च्या खरिपापासून ती सवलत संपली. सोयाबीनसाठी संरक्षित रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत व कापसासारख्या नगदी पिकांसाठी ५ टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्याकडे आला. त्याच हंगामात स्थानिक आपत्तीची वैयक्तिक तक्रार देऊन मिळणारे संरक्षणही वगळले गेले आणि सारा भार मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर आला. म्हणजेच कापणी प्रयोगाचे महत्त्व कमी न होता कितीतरी वाढले.

या प्रयोगाचा हिशेब प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक असावा. मागील सात वर्षांपैकी उत्तम पाच वर्षांच्या सरासरीस जोखीमस्तराने गुणिले की उंबरठा उत्पन्न निघते. समजा, ही सरासरी हेक्टरी १० क्विंटल व जोखीमस्तर ७० टक्के आहे, तर उंबरठा ७ क्विंटल होईल. यंदा मंडळाचे उत्पन्न सव्वापाच क्विंटल भरले, तर तूट पावणेदोन क्विंटलांची, म्हणजे २५ टक्के होते. आणि संरक्षित रकमेच्या २५ टक्के भरपाई मिळते.

येथेच एक मोह उभा राहतो. कित्येक गावांत असा समज आहे की, प्रयोगात उत्पन्न कमी दाखविणे हे गावाचे हित होय. हा समज घातक आहे. खोटे माप हे असत्य तर आहेच. पण त्याची किंमत पुढे गावासच मोजावी लागते. वर्षानुवर्षे उत्पन्न कमी लिहिले जाऊन तीच सरासरी ८ क्विंटलांवर आली, तर उंबरठा ५.६ क्विंटलांवर उतरतो. मग खरोखर संकट येऊन उत्पन्न सव्वापाच क्विंटल भरले, तरी भरपाई सव्वासहा टक्केच मिळेल. आज चोरलेले माप उद्याच्या दुष्काळात आपल्याच घरातून वजा होते.

याउलट, निष्काळजीपणे फुगलेले मापही तितकेच अन्यायकारक आहे. ओल्या सोयाबीनचे वजन वाळल्यानंतर न तपासता तसेच कागदावर गेले, किंवा नेमून दिलेल्या भूखंडाऐवजी रस्त्याकडेचे चांगले पीक कापले, तर हजारो कुटुंबांचा हक्क एका नोंदीने बुडतो.

तेव्हा तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक यांनी (पदनामे आता बदलली असली तरी गावाच्या तोंडी हीच आहेत) प्रयोगाचा दिवस व शेत गावास आधी कळवावे आणि ग्रामसमितीच्या समक्षच कापणी, मळणी व वजन करावे. ज्याच्या शेताची निवड झाली त्या शेतकऱ्याने सूचना मिळेपर्यंत ते पीक कापू नये. इतरांनी उपस्थित राहून काटा स्वतः पाहावा. पेरणीनंतर ई-पीक पाहणीत जे पीक उभे आहे तेच नोंदवावे.

शासनाच्या बाजूचे कर्तव्यही स्पष्ट बोलले पाहिजे. पूर्णेच्या काठची भारी काळी जमीन व माळावरची बरड जमीन एकाच मंडळात मोडते. एकीकडे पीक सडते, दुसरीकडे तग धरते; आणि सरासरीत बुडालेला शेतकरी दिसेनासा होतो. एकेका शेताचा विमा टिकत नाही हे अनुभवाने सिद्ध झाले आहे. परंतु म्हणून मंडळाएवढे मोठे क्षेत्र हाच एकमेव पर्याय ठरत नाही. सोयाबीनसारख्या प्रमुख पिकासाठी ग्रामपंचायत हा घटक धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत त्यास वाव आहे. त्यासाठी प्रयोगांची संख्या वाढेल व माणसेही अधिक लागतील. तो खर्च शासनाने करावा, कारण ज्या विम्यातून बुडालेल्यास काहीच मिळत नाही, त्यावर शेतकऱ्याचा विश्वास उरणार नाही.

हप्ता शेतकरी भरतो, केंद्र भरते व राज्य भरते. माप मात्र गावात होते. ते खरे राखणे गावाच्याच हाती आहे. पुढील हंगामात कापणीच्या दिवशी बांधावर दहा माणसे जरी काटा पाहण्यास उभी राहिली, तरी विमा कधी मिळणार, या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्याच दिवशी मिळेल.