जोकोविच प्रकरण : सूट कोणाला आणि कशासाठी?

टेनिसपटू नोव्हाक जोकोविच याने ४ जानेवारी २०२२ रोजी इन्स्टाग्रामवर आपले छायाचित्र टाकले आणि आपल्याला सूट मिळाली असून आपण ऑस्ट्रेलियाला निघालो आहोत, असे जगाला कळविले. सूट या एका शब्दाने ऑस्ट्रेलियात संतापाची लाट उसळली. करोनाच्या साथीत मेलबर्न शहराने एकूण २६२ दिवस टाळेबंदीत काढले होते. मार्च २०२० पासून देशाच्या सीमा बंद होत्या आणि आप्तांच्या अखेरच्या दर्शनालाही अनेकांना जाता आले नव्हते. अशा शहरात लस न घेतलेला एक परदेशी खेळाडू, केवळ तो नऊ वेळचा विजेता आहे म्हणून, खुशाल उतरणार ही कल्पनाच लोकांना सहन होण्यासारखी नव्हती. पुढचे नाट्य सर्वांना ठाऊक आहे. ५ जानेवारीच्या रात्री तो मेलबर्नच्या विमानतळावर उतरला, पहाटेपासून त्याची चौकशी झाली, व्हिसा रद्द झाला, न्यायालयाने तो परत दिला, मंत्र्यांनी पुन्हा काढून घेतला आणि १६ जानेवारीला, स्पर्धा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, त्याची दुबईच्या विमानात रवानगी झाली.

या प्रकरणाचे तात्पर्य बहुधा दोन शब्दांत सांगितले जाते : नियम जिंकला. तत्कालीन पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी व्हिसा प्रथम रद्द झाला त्याच सकाळी नियम म्हणजे नियम, असे जाहीर करून टाकले होते. परंतु कागदपत्रे वाचली तर चित्र इतके स्वच्छ दिसत नाही.

जोकोविचने सूट चोरून मिळविली नव्हती. डिसेंबर २०२१ मध्ये आपल्याला करोनाची लागण झाली होती, या आधारावर त्याने वैद्यकीय सवलत मागितली. टेनिस ऑस्ट्रेलिया या संघटनेच्या वैद्यकीय मंडळाने ती दिली आणि व्हिक्टोरिया राज्य सरकारने नेमलेल्या स्वतंत्र मंडळाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. मात्र देशात प्रवेश द्यायचा की नाही, हा अधिकार राज्याचा नव्हे, केंद्राचा. पूर्वी होऊन गेलेली लागण लसीऐवजी चालणार नाही, असे केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी टेनिस ऑस्ट्रेलियाला नोव्हेंबरमध्येच लेखी कळविले होते. म्हणजे एका दाराशी परवानगी आणि दुसऱ्या दाराशी मज्जाव, असा हा कारभार होता. विमानतळावरही घाई झाली. उत्तर देण्यासाठी सकाळी साडेआठपर्यंतची मुदत दिली असताना अधिकाऱ्यांनी त्याआधीच व्हिसा रद्द केला. न्यायाधीश अँथनी केली यांनी या माणसाने आणखी काय करायला हवे होते, असा प्रश्न सुनावणीत विचारला आणि १० जानेवारीला व्हिसा पूर्ववत केला.

याचा अर्थ जोकोविच निर्दोष होता असा नाही. लागण झाल्याचे ठाऊक असताना त्याने फ्रेंच दैनिकाला प्रत्यक्ष भेटून मुलाखत दिली होती. प्रवासाच्या घोषणापत्रात आधीच्या चौदा दिवसांत कोठेही गेलो नसल्याची नोंद होती आणि ती खोटी होती, कारण मधल्या काळात तो स्पेनला जाऊन आला होता. यातली पहिली गोष्ट आपली चूक असल्याचे त्याने मान्य केले आणि दुसरीचे खापर सहायकाच्या डोक्यावर फोडले. तोंडावरची मुखपट्टी आणि घोषणापत्रातला रकाना या दोन गोष्टी तरी स्वतः पाहाव्यात, एवढी अपेक्षा जगज्जेत्याकडून करायला हरकत नसावी.

खरा प्रश्न १४ जानेवारीला उपस्थित झाला. त्या दिवशी स्थलांतरमंत्री अलेक्स हॉक यांनी विशेषाधिकार वापरून व्हिसा दुसऱ्यांदा रद्द केला. त्यांनी दिलेले कारण मुळातून पाहण्यासारखे आहे. जोकोविचमुळे आसपासच्या लोकांना संसर्ग होण्याचा धोका नगण्य आहे, हे त्यांनी गृहीत धरले होते. त्यांचा आक्षेप वेगळा होता. इतक्या प्रसिद्ध माणसाने लसीविना देशात वावरल्यास लसविरोधी भावनेला बळ मिळेल, लोक लस घ्यायला कचरतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. तीन न्यायाधीशांच्या पीठाने मंत्र्यांचा निर्णय एकमताने कायम ठेवला, पण निर्णय योग्य की अयोग्य हे पाहणे आपले काम नाही, तो कायद्याच्या चौकटीत बसतो की नाही एवढेच आपण पाहतो, असेही स्पष्ट केले. थोडक्यात, ज्या प्रसिद्धीमुळे त्याला सूट मिळाली अशी लोकांची समजूत होती, तीच प्रसिद्धी त्याला हाकलण्याचे अधिकृत कारण ठरली. मोठेपणाला नियमात स्थान नसावे, हे तत्त्व मानायचे असेल तर ते दोन्ही बाजूंनी मानावे लागते. सरकारने ते एकाच बाजूने मानले.

याच सवलतीवर आलेल्या रेनाटा व्होराचोव्हा या चेक खेळाडूची कहाणी म्हणूनच अधिक बोलकी आहे. दुहेरीत खेळणारी ही अडतीस वर्षांची खेळाडू जोकोविचच्या आधी ऑस्ट्रेलियात दाखल झाली होती. विमानतळावर तिला कोणी अडविले नाही. ती एक सराव स्पर्धाही खेळली. जोकोविच प्रकरणाचा गवगवा झाल्यावर मात्र अधिकारी तिच्याकडे वळले, तिचा व्हिसा रद्द झाला आणि न्यायालयाची पायरी न चढता ती मायदेशी परतली. नियम जर होता तर तो तिच्या आगमनाच्या दिवशीही असायला हवा होता. दोघांनाही मेलबर्नच्या पार्क हॉटेलमध्ये ठेवण्यात आले होते. त्याच इमारतीत आश्रय मागणारे तीसेक निर्वासित अडकून पडले होते आणि त्यांतील काही जण आठ-नऊ वर्षे स्थानबद्ध होते. खिडकीखाली जगभरचे कॅमेरे प्रथमच जमलेले त्यांनी पाहिले.

खेळाडूंना सवलत द्यावी असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. क्रीडा संघटनांकडे पैसा असतो, त्या खासगी विमाने आणि वेगळी हॉटेले ठरवू शकतात, रोज चाचण्या करू शकतात, त्यामुळे धोका आटोक्यात राहतो. २०२१ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या वेळी हेच झाले. विमानांत बाधित प्रवासी निघाल्यावर ७२ खेळाडूंना चौदा दिवस खोलीबाहेर पाऊलही टाकता आले नाही. त्यांच्यासाठी काही नियम सैल करावेत, ही जोकोविचची तेव्हाची मागणीही व्हिक्टोरियाने फेटाळली होती. ही व्यवस्था सुरक्षित होती. तरीही ती लोकांना बोचली, कारण त्याच वेळी हजारो ऑस्ट्रेलियन नागरिक परदेशात अडकून होते आणि त्यांच्यासाठी विमानात जागा नव्हती.

भारतातून परतू पाहणाऱ्या ऑस्ट्रेलियन लोकांना तर त्याच वर्षी याहून कठोर अनुभव आला. दुसऱ्या लाटेत, ३ मे २०२१ पासून, गेल्या चौदा दिवसांत भारतात राहिलेल्या स्वतःच्या नागरिकांनाही ऑस्ट्रेलियाने प्रवेशबंदी केली. मोडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ६६ हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकत होता. सुमारे नऊ हजार नागरिक भारतात होते. त्यांत आयपीएलसाठी आलेले क्रिकेटपटू, प्रशिक्षक आणि समालोचकही होते. ते खासगी कामासाठी गेले आहेत, त्यांनी आपली सोय आपण पाहावी, असे मॉरिसन यांनी सुनावले. आयपीएल थांबल्यावर ही मंडळी मालदीवमध्ये जाऊन थांबली आणि बंदी उठल्यावर मायदेशी परतली. येथे सरकारने खेळाडूंना सूट दिली नाही हे खरे, पण मालदीवचा खर्च झेपणारा आणि न झेपणारा यांच्यात नियमाने आपोआप भेद केलाच. सूट अशी कागदावर न उमटताही मिळत असते.

कागदावर उमटलेल्या सुटीचे उदाहरण न्यूयॉर्कचे. तेथे खासगी नोकरदारांनाही लस सक्तीची होती. त्यामुळे ब्रुकलिन नेट्स संघाचा बास्केटबॉलपटू कायरी आयर्विंग याला घरच्या मैदानावर खेळता येईना. २४ मार्च २०२२ रोजी महापौर एरिक ॲडम्स यांनी खेळाडू आणि कलावंत यांना या सक्तीतून वगळले. शहराच्या अर्थव्यवस्थेसाठी हे आवश्यक आहे, असे कारण दिले गेले. त्याआधी महिनाभरच लस न घेतल्याबद्दल शहराच्या सेवेतील १,४०० हून अधिक कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. या विषाणूला सफाई कामगार आणि बास्केटबॉलपटू यांच्यातला फरक कळतो, असे कोणताही डॉक्टर सांगणार नाही. हा निर्णय आरोग्याचा नव्हताच, तो तिकीटविक्रीचा होता. अशा निर्णयानंतर उरलेल्यांना लस का घ्यायची हे पटविणे किती अवघड झाले असेल, याची कल्पना करता येते.

याउलट अमेरिकेच्या केंद्र सरकारने परदेशी प्रवाशांसाठीची लसीची अट ११ मे २०२३ पर्यंत कायम ठेवली. त्यामुळे जोकोविच २०२२ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेला मुकला. फ्लोरिडाच्या राज्यपालांनी त्याच्यासाठी अध्यक्षांना पत्र लिहूनही ती शिथिल झाली नाही. ती अट तोवर शास्त्रीयदृष्ट्या कालबाह्य झाली होती, असे म्हणायला वाव आहे. पण ती उठली तेव्हा सर्वांसाठी उठली. ऑस्ट्रेलियानेही जुलै २०२२ मध्ये पाहुण्यांसाठीची अट काढली, नोव्हेंबरमध्ये जोकोविचवरील तीन वर्षांच्या बंदीला बगल दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याने तेथे दहावे विजेतेपद पटकावले.

खेळाडू आणि प्रवासाचे आरोग्यनियम यांच्यात कायमच खटके उडतात असेही नाही. मुंबई मॅरेथॉनसाठी दर वर्षी केनिया आणि इथिओपियाचे नामांकित धावपटू येतात. हे दोन्ही देश पीतज्वराच्या टापूतले. तो रोग भारतात नाही, पण तो पसरविणारा एडिस डास मुंबईत मुबलक आहे. म्हणून त्या देशांतून येणाऱ्याला किमान दहा दिवस आधी लस घेतल्याचे पिवळे कार्ड दाखवावे लागते आणि ते नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागते. हा नियम आंतरराष्ट्रीय करारावर आधारलेला आहे, वर्षानुवर्षांचा आहे, प्रवासी निघण्याआधी त्याला माहीत असतो आणि दाराशी उभा असलेला एकच अधिकारी तो लावतो. मॅरेथॉनचा संभाव्य विजेता आणि व्यापारासाठी आलेला नैरोबीचा दुकानदार एकाच रांगेत उभे राहून तेच कार्ड पुढे करतात.